चांगला पाय आधी

“घट्ट बांध, मुंगे… पण जीव नको घेऊस.”

हा आवाज तिच्या कानात बिऱ्हाड करून राहिला होता. डोंगराच्या चढणीवर ऐकलेला, निम्मा वाऱ्यानं पळवलेला, हसू दाबून ठेवलेला आवाज. त्या दिवशी तिनं जन्मातली पहिली पट्टी बांधली होती… जिराफाच्या डाव्या घोट्याला.

म्हणूनच आज सकाळी तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कुणीतरी एका पायावर उड्या मारत आलं आणि म्हणालं, “मॅडम, हळू हं, मी भित्रा आहे,” तेव्हा तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो उचलायला वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

“बसा,” ती म्हणाली.

“मुंगी?”

“बसा म्हटलं की बसायचं असतं.”

“मुंगीच. पेशंटला झापणारी दुसरी कोण असणार.”

शाळेत असताना दोघं युवा पुरस्काराच्या एका गटात पडली होती. एखादं कौशल्य शिकायचं, एखादा खेळ नेटानं धरायचा, कुणाची तरी सेवा करायची आणि शेवटी पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा, तेव्हा कुठं सुवर्णपदक. दुकानात सुटे पैसे मागायला लाजणारी पोर ती. त्या वर्षात वृद्धाश्रमातल्या आज्यांना मोठ्यानं गोष्टी वाचून दाखवू लागली, बाबांसमोर मान वर करून बोलू लागली. स्वतःहून मोठी पिशवी उचलायची, म्हणून मुंगी. आणि तो ताडमाड, सगळ्यांच्या डोक्यावरून पुढची वाट बघणारा, म्हणून जिराफ. ती दमली की तो मागे वळून चाल लावायचा…

चढणीबाई, चढणीबाई, तुझं माहेर कुठं?
ढगाच्या गं पल्याड, जिथं वाट तुटं.

पदक घ्यायला जोडीनं स्टेजवर जायचं ठरलं होतं. पण शिखर हाकेवर असताना त्याचा पाय मुरगळला. गटाचा मुक्काम तिथंच पडला, सकाळी जीप त्याला खाली घेऊन गेली आणि बाकीचे वर चढले. मग निरोप आला… लिगामेंट फाटलंय, पुढच्या वर्षीही जमायचं नाही. समारंभात तिनं शेजारची खुर्ची रुमाल टाकून अडवून ठेवली. तो साध्या टाळ्या वाजवायलाही आला नाही. माझं पदक याच्या डोळ्यांत खुपलं, असं तिनं मनाशी धरलं. त्याचे फोन घेतले नाहीत, आणि मग ते यायचेही थांबले. पण ‘का आला नाहीस?’ हा प्रश्न तेवढा घशात अडकून राहिला, माशाच्या काट्यासारखा.

“काय करतोस हल्ली?” तिनं विचारलं ते भलतंच.

“लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर पोचवायचं, आपण खाली उभं राहायचं.” त्याच्या हत्यारांच्या पिशवीवर गुलाबी फुलपाखरू चिकटवलेलं होतं. तिची नजर तिथं गेलेली बघून तो म्हणाला, “लेकीचा उद्योग. तिची आई म्हणते, लिफ्टवाला जिन्यावरून पडला, हे फक्त आमच्याच घरात होतं.”

“बरोबर बोलते ती,” मुंगी म्हणाली. आणि हातांना मलम चोळू लागली, गरज नसताना.

मग तिनं त्याचा डावा पाय हातात घेतला.

“अगं, दुखतोय उजवा.”

“चांगला पाय आधी. तो कसा आहे ते कळल्याशिवाय दुखऱ्याचं दुखणं कळत नाही. एवढं तरी शिकलेय.”

टाच तळव्यात धरून तिनं घोटा हलकेच पुढे ओढला. फाटलेलं लिगामेंट भरून आलं तरी पहिल्यासारखं राहत नाही. धुऊन सैल झालेल्या नाडीसारखं थोडं तरी सुटतंच. हा घोटा जागचा हलला नाही. तिनं पुन्हा ओढला.

“तेव्हा कुठला पाय होता रे?”

“डावा… बहुतेक.”

“बहुतेक?”

तो खिडकीबाहेर बघू लागला. मान उंच करून, सवयीनं.

“हा पाय कधी मुरगळलाच नाही,” ती म्हणाली. “दरवर्षी मी नव्या पोरांना सांगते, डोंगरावर एक पट्टी बांधली आणि तिथं मला माझं काम सापडलं. उद्याही सांगायला जायचंय. आणि ती पट्टी धडधाकट पायाला?”

“पण बांधली होतीस काय झकास. नंतर खरंच दुखायला लागला.”

ती हसली नाही.

“तुला ताप होता, मुंगे,” तो हळूच म्हणाला. “हातात पाण्याची बाटली धरवत नव्हती. दमलेल्याला थांबा नाही, जखमीला आहे, हा नियम आपण दोघांनी घोकलेला. तू माघारी फिरली असतीस तर तुझ्या बाबांनी सगळंच बंद केलं असतं. आणि थांब म्हटलं असतं तर तू ऐकणार होतीस? मग… पडलो.”

“आणि लिगामेंट?”

“एकदा लंगडलं की लंगडत राहावं लागतं. माझ्या बाबांची नोकरी गेली होती, मला कामाला लागायचं होतं. ते सांगण्यापेक्षा पाय बरा. समारंभाला निघालो होतो गं. हॉलच्या दारातून परतलो. ऐन वेळी कुठला पाय ते विसरलो असतो.”

तिनं उजव्या घोट्याला पट्टी बांधायला घेतली. वेढ्यावर वेढा, एकसारखा. या वेळी ‘घट्ट बांध’ कुणी म्हणालं नाही.

“मला विचारायचंस तरी,” ती म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? पदक हवं होतं तुला. कणकणत चालत होतीस त्याच्यासाठी.”

त्यानं पिशवी खांद्याला लावली. फुलपाखरू तिच्याकडे वळलं. तो लंगडत, या वेळी खराखुरा, दारापर्यंत गेला. तिनं उरलेली पट्टी गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हटलं,

“पदकासाठी नव्हते रे चालत मी. तू मला आवडतोस, हे वर पोचलो की तुला सांगायचं ठरवलं होतं… म्हणून थांबत नव्हते.”