वाढीव वेढे

सरका जवळ. कंदील राहू दे तसाच बारीक. हे इथंच, लोणावळ्यात घडलेलं आहे, तुंगार्लीच्या अंगाला. आणि ज्याच्यावर बेतलं, त्या नूरमहंमद वायरमननं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे.

साल एकोणीसशे एकोणचाळीस. सप्टेंबरची तेवीस तारीख, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास नूरमहंमदनं हत्यारांची पिशवी सायकलला अडकवली आणि तो महिपतरावांच्या बंगल्याकडे निघाला. लढाई पेटली होती. हौसेखातर बिनतारी यंत्रं बाळगणाऱ्यांनी ती सरकारजमा करावीत, असा हुकूम सुटला होता. महिपतराव आषाढातच गेले होते, पण त्यांचं यंत्र बंगल्यात तसंच होतं. "सोमवारी सोडवून चौकीत आण," असं फौजदारानं सांगितलं होतं. नूरमहंमद शनिवारीच निघाला. एकटाच.

त्याला कारण होतं. महिपतराव म्हणजे कामशेतच्या भाताच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. शिकलेले, पण हट्टी. सांज झाली की हेडफोन लावून दूरदेशच्या लोकांशी बोलत बसायचे. त्यांच्या यंत्रात वीतभर उंचीचा काचेचा व्हॉल्व्ह होता, आत धातूचा पत्रा, डोक्यावर धातूची टोपी. वीज त्या टोपीतूनच आत जायची. हजार व्होल्टच्या वर चालवू नये, असं त्याच्या खोक्यावरच छापलेलं होतं. महिपतरावांना हजार पुरेनात. आवाज आणखी लांब जायला हवा होता. नूरमहंमद नको नको म्हणाला आणि शेवटी त्यानंच ट्रान्सफॉर्मरवर तारेचे वाढीव वेढे चढवले. हजाराचे दोन हजार झाले. आतला पत्रा लाल व्हायचा, पेटी तापायची, म्हणून महिपतराव तिचं दार उघडंच ठेवायला लागले. एका संध्याकाळी हात त्या टोपीला लागला. बंगल्याची राखण करणारी बयाबाई धावत आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

पंचनाम्यात नूरमहंमदनं सांगितलं, "ट्रान्सफॉर्मर मूळचाच आहे, साहेब. मी हात लावलेला नाही."

आता यंत्र चौकीत गेलं आणि एखाद्या जाणकारानं उघडलं, की ते वेढे दिसणार. ते त्याला आजच उतरवायचे होते.

बयाबाईनं कुलूप काढलं. "भाऊ, उद्या उजेडी या की."

"घटकाभराचं काम आहे, मावशी."

"मी न्हाई आत येनार. सांजचं तितं कुनीतरी खाकरतंय."

नूरमहंमदनं मीटरपाशी जाऊन मेन बंद केला, फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. आता अख्ख्या बंगल्यात वीज नव्हती. कंदील घेऊन तो खोलीत शिरला.

पेटीचं दार उघडंच होतं. यंत्र बंद केलं तरी कंडेन्सरांत वीज साठून राहते, हे त्याला ठाऊक होतं. ती उतरवायला लाकडी मुठीचा पेचकस आडवा धरून त्यानं त्यांची टोकं जोडली. तीन महिने पडून होतं यंत्र. आत काही उरलं असायला नको होतं.

फाडकन निळी ठिणगी उडाली.

असेल, राहिली असेल थोडी. त्यानं पुन्हा टोकं जोडली. पुन्हा ठिणगी, पहिलीपेक्षा मोठी. तिसऱ्यांदा पेचकसाचं टोकच वितळलं.

मग व्हॉल्व्ह उजळायला लागला. आधी विडीच्या टोकाएवढा. मग पत्रा तांबूस झाला. मग लाल. नूरमहंमदनं खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

टेबलावरच्या हेडफोनमध्ये कुणीतरी खाकरलं.

"नूरमहंमद."

त्यानं हेडफोनकडे पाहिलं.

"कमी पडतंय. आणखी चढव."

"साहेब... काच फुटेल."

"फुटू दे."

पत्रा पांढरा व्हायला लागला. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर.

"पंचनाम्यात काय सांगितलंस? हात लावला नाही म्हणालास. मग आता लाव."

त्याचा उजवा हात वर गेला. त्यानं उचलला नव्हता. टोपी वीतभर लांब. हातावरचे केस ताठ. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट धरलं. मनगट ऐकेना. चार बोटं राहिली. दोन...

"भाऊ?" बाहेरून बयाबाई. "कुनाशी बोलताय?"

त्याला ओरडता येईना. ओठ तेवढे हलले. "वेढे मी चढवले," तो पुटपुटला.

दारातल्या बयाबाईलाही ते ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं," हेडफोन म्हणाला.

काच फुटली. अंधार.

बयाबाईनं त्याला ओढत पायऱ्यांवर आणलं. वेढे तसेच राहिले. सोमवारी दुसऱ्याच वायरमननं यंत्र चौकीत नेलं, आणि तिथं ते कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. नूरमहंमदनं विजेचं काम सोडलं. कामशेतला जाऊन तो सायकली दुरुस्त करायला लागला.

पुढल्या मार्चात बयाबाई एक पोस्टकार्ड घेऊन त्याच्याकडे आली. बंगल्याच्या पत्त्यावर आलेलं, थेट जावा बेटावरून, महिपतरावांशी नेहमी बोलणाऱ्या कुणी धाडलेलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं, की हौशी बिनतारीवाले पोच म्हणून असं कार्ड धाडतात. नूरमहंमदला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं ते स्टेशनमास्तरांना दाखवलं.

मास्तरांनी वाचलं. तेवीस सप्टेंबर. हिंदुस्थानच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे पावणेआठ. आवाज अतिशय जोरदार. भाषा समजली नाही, जसं कानावर पडलं तसं लिहून पाठवतो आहे.

पुढची इंग्रजी अक्षरं मास्तर जुळवत गेले. "वे... ढे... मी... हे तर मराठी आहे रे."

नूरमहंमदनं कार्ड मागितलं. मास्तरांनी दिलं नाही, त्यांचं वाचून व्हायचं होतं. खाली आणखी एक ओळ होती. 'दुसरा आवाज' असं लिहून, पुढं एकच शब्द.

मोठ्यानं.