पोचायची राहिलेली सवारी

त्या दिवशी देवकी घरातून निघाली ती एक नारळ आणि चार लिंबं आणायला, एवढंच. काल्हेरच्या नाक्यावर भाजीची हातगाडी लागते, तिथं उभं राहून तिनं लिंबं दाबून दाबून निवडली. हातगाडीवाला म्हणाला, "चाची, अचार डालना है क्या?" ती म्हणाली, "न्हाय रे बाबा, गाडी आनेवाली है."

गाडी येणार होती हे खरं. तिचा नवरा लडकू बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आला. कापडाच्या ताग्यांचा टेम्पो, शेटची जीप, वऱ्हाडाच्या गाड्या, काय म्हणाल ते. गुडघे गेले आणि तो ओटीवर बसला तो बसलाच. मनात मात्र एक राहिलं होतं, की आपली स्वतःची फियाट असावी, जुन्या घाटाची, गोल दिव्यांची. मुलगा हितेश गोदामात सुपरवायझर, त्यानं मोबाइलवर एक शोधून काढली. सहा फोटो होते. विकणारा घाटावरचा कोणी गोडबोल्या होता. बघायला जायचं तर हितेशला सुट्टी मिळेना आणि लडकूचे गुडघे एसटीत दुमडेनात. पाटीवर नंबर ठाण्याचाच निघाला, म्हणजे गाडी मूळची इकडचीच. लडकूला तेवढं पुरलं.

न बघता कशी घेता, असं देवकीनं विचारलं तेव्हा तो हसला. "तुला तरी कुठं बघितली होती? आंतरपाट सरकला तवा पयली बघितली. चाललं ना अडतीस वरसं?"

"तुमचं चाललं," देवकी म्हणाली. "माजं कोनी इचारलं न्हाय."

गावाच्या शिवेवर चेडोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. आजूबाजूला गोदामं उठली, पण दगड कोणी हलवला नाही. घरात नवी सून येवो, बैल येवो, नाहीतर गाडी येवो, त्या दगडापाशी थांबायचं. नारळ फोडायचा, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून पुढं काढायची. बाहेरून जे काही मागं लागून आलं असेल ते तिथंच उतरतं. ही रीत पोराटोरांनाही ठाऊक असते.

पण फियाट काही स्वतःच्या चाकांवर आली नाही. एका लांबड्या ट्रकच्या पाठीवर साखळ्यांनी बांधून आली. वेळ भर दुपारची. मागं कंटेनरांची रांग लागलेली, हॉर्नवर हॉर्न, ट्रकवाला हिंदीत ओरडायला लागलेला. गाडी खाली उतरवायला जागा नव्हती. तेव्हा हितेशनं घाईघाईनं लिंबं ठेवली ती ट्रकच्या चाकांखाली. ट्रक पुढं गेला, लिंबं चिरडली, सगळ्यांनी हात जोडले. देवकीच्या मनात काहीतरी खुपलं होतं. पण लडकूच्या तोंडावर असं हसू होतं की तिनं ते गिळलं.

गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली लागली. पांढरी, चकचकीत, आतल्या सीटा लाल. एकच खोट होती. मागचं डावं दार बाहेरून उघडेना. हितेशनं तेल घातलं, कानस लावली, पण दार हललं नाही. आतून मात्र ते एका बोटानं उघडे.

आणि वास. पहिले दोन दिवस देवकीला तो कळेना. तिसऱ्या दिवशी ती मागची सीट पुसायला आत वाकली आणि तिला कळलं. एरंडेल. एरंडेल, घाम आणि भिजलेलं लुगडं. तीन बाळंतपणं काढलेल्या बाईला हा वास सांगावा लागत नाही. सीट पुसायचं फडकं तिनं तिथंच ठेवलं आणि ती बाहेर आली.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला लडकू उठला, चावी घेतली आणि म्हणाला, "पोचवून येतो." कोणाला, म्हणून तिनं विचारलं तर तो तिच्याकडे बघतच राहिला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तासाभरानं परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच, पुन्हा तेच. त्या दिवशी दोन तास लागले. मग तीन. गुडघे सुजून कणगीसारखे झाले, तरी अडीच वाजले की माणूस उठायचा. जेवण अर्धं सुटायचं. हितेश म्हणाला, हौस आहे, फिरू दे. देवकी म्हणाली, हौशीनं फिरून आलेला माणूस असा दिसत नाही.

शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ काशी राहते. काशीची जीभ कोयत्यासारखी, पण डोकं तिच्याहून धारदार. देवकीनं तिला सगळं सांगितलं. काशीनं मिसरी लावता लावता ऐकून घेतलं, थुंकली आणि एवढंच विचारलं, "लिंबं कोनाच्या चाकाखाली चिरडली?"

"ट्रकच्या," देवकी म्हणाली.

"ट्रकच्या ना? मंग ट्रकची इडापिडा गेली. तो बिचारा मोकला होऊन घरी गेला. तुमचं जे होतं ते तुमी वरच्या वर उचलून अंगनात आनलं."

त्याच संध्याकाळी देवकीनं नव्यानं लिंबं आणली आणि लडकूला म्हणाली, गाडी शिवेबाहेर न्या, रीतीनं आत आणू. नाहीतर हितेश मोबाइलवर टाकेल, विकून मोकळे होऊ. लडकू चहा पीत होता. अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आत सवारी बसलीय. सवारी बसलेली असताना मी गाडी इकू?"

आता लडकूची एक गोष्ट सगळ्या भिवंडीला ठाऊक होती. बत्तीस वर्षांत त्यानं बसलेलं माणूस कधी मध्येच उतरवलं नव्हतं. पाणी भरलं, दंगल झाली, टायर फुटला, तरी एकदा बसवलेली सवारी दारात पोचवल्याशिवाय तो घरी आला नाही. त्याचा तेवढाच धर्म होता. देवकी घाबरली ती यामुळेच. भुताला घाबरावं की नवऱ्याच्या शब्दाला, तिला कळेना.

आठव्या दिवशी तो अंधार पडल्यावर आला. देवकी फाटकात उभी होती. त्यानं गाडी तिच्याजवळ थांबवली, काच खाली केली आणि तिच्याकडे बघून अदबीनं विचारलं, "बाय, तुमाला कुठं जायचंय? थोडं थांबावं लागंल. ही पयली हाय."

अडतीस वर्षांच्या नवऱ्यानं तिला ओळखलं नव्हतं. घरात आल्यावर ओळखलं, भाकर मागितली, झोपला. पण देवकीला समजलं. हा रोज थोडा जास्त लांब जातोय. एक दिवस जाईल आणि परत येणारच नाही. किंवा गाडी येईल, आणि आत बसलेला माणूस तिचा नसेल.

दुसऱ्या दिवशी अडीचला ती न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं. गाडीत मात्र गार होतं, माठाजवळ बसल्यासारखं. लडकूनं गाडी काढली. अंजूरफाटा मागं पडला, यंत्रमागांची खडखड सरली, मग गोदामांच्या मधली सरळ, रिकामी वाट लागली. दोन्हीकडे उंच पत्रे. देवकीनं मान वळवायची नाही असं ठरवलं होतं. पण कान कुठं ठेवणार? मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरत होती. खड्डा नसतानाही कुरकुरायची. मग थांबायची... आणि कोणीतरी दात आवळून सोडलेला श्वास. पुन्हा कुरकुर. दोन कुरकुरींमधलं अंतर देवकी नकळत मोजायला लागली, सुइणी मोजतात तसं. ते कमी होत नव्हतं. वाढतही नव्हतं. एकाच जागी अडकलं होतं.

"दम धर बायो," लडकू आरशात बघून म्हणाला. "आलंच..."

गाडी एका भिंतीपाशी थांबली. करड्या रंगाची, तीन मजले उंच गोदामाची भिंत, पुढं रस्ता नाही. लडकू भिंतीकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दार हितंच हुतं," तो म्हणाला. "रोज शोधतो. दार सापडत न्हाय."

तो पुढच्या गल्लीत वळला, मग त्याच्या पुढच्या. जिकडं तिकडं भिंत. देवकीनं शेवटी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याला घरी आणलं.

त्या भिंतीच्या जागी पूर्वी काय होतं ते काशीनं सांगितलं. करंजाचा पाडा. वीस-बावीस घरं, सगळी विकली गेली. तिथं तुळजा नावाची सुईण राहायची. पोटात आडवं झालेलं पोर नुसत्या हातानं फिरवायची, म्हणून ठाण्याहून मोटारवाले लोकही बाया घेऊन तिच्या दारात यायचे. आता नव्वदीची असेल. कामतघरला चाळीत नातवापाशी असते.

सकाळीच देवकी रिक्षानं कामतघरला गेली. मागांच्या आवाजात चाळ नुसती थरथरत होती. दारात एक एवढीशी म्हातारी ऊन खात बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. देवकीनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

"आली का गाडी?" म्हातारीनं विचारलं.

देवकी खाली बसली. "कंची गाडी, आय?"

"पांढरी. निरोप आला हुता, बाय निघालीय, पोर आडवं हाय, तयार राव. मी पानी तापवलं. आटलं. पुन्ना तापवलं. पुन्ना आटलं." ती थांबली. "मंग कोन आलं न्हाय. किती वरसं झाली त्याला?"

 उत्तराची वाट न बघता म्हातारी भिंतीला धरून उठली. सुइणीला बोलावणं आलं की तिनं नाही म्हणायचं नसतं, कोणाची कोण तेही विचारायचं नसतं. तिनं कोनाड्यातून एक कळकट पिशवी काढली आणि रिक्षाकडं चालायला लागली.

अडीचला पाच मिनिटं होती. लडकू स्टेअरिंगवर बसून चावी फिरवणार तेवढ्यात म्हातारीनं काचेवर टकटक केली. "उतर रं बाबा. हितं बाप्याचं काम न्हाय."

"सवारी पोचवायचीय," तो म्हणाला.

"कुटं?"

"तुळजा सुईनीकडं."

"मंग पोचली की. मीच हाय तुळजा."

 लडकूनं चावी काढली, खाली उतरला, लंगडत ओटीवर गेला आणि पाठ टेकताच घोरायला लागला. दिवसाच्या त्या वेळेला तो आठवड्याभरात पहिल्यांदाच झोपला होता.

मागचं डावं दार आतून उघडलं. तुळजा आत गेली आणि दार लागलं. काशीनं काचांवर लुगडी टाकली. देवकीनं पाणी तापवलं, धागा दिला, नवं पातं दिलं, दोन जुनी मऊ लुगडी दिली. दार फटीपुरतं उघडायचं, वस्तू आत जायची. घेणारा हात कोणाचा, ते देवकीनं बघितलं नाही. आतून तुळजाचा हलका आवाज येत होता. "हां... हां गो... घाबरायचं न्हाय..." गाडी एका बाजूला झुकली, सावकाश सरळ झाली. शेडच्या पत्र्यावरचे कावळे एकदम उडाले. मग काहीच नाही.

तासाभरानं म्हातारी बाहेर आली. कोपरापासून दोन्ही हात वाकवलेले, छातीशी लुगड्याचं गाठोडं.

"सुटली बाय," ती म्हणाली. "गेली तिच्या वाटंनं."

वास गेला होता. देवकीनं नाक लावून बघितलं, गाडीत नुसता उन्हात तापलेल्या जुन्या रेक्झिनचा वास होता.  ओटीवर तिचा माणूस घोरत होता, तिचाच. तिनं जागच्या जागी हात जोडले. तिला एवढंच हवं होतं. दुसरं काही विचारायचं तिला सुचलं नाही.

म्हातारी पायऱ्या चढून घराच्या दाराशी थांबली होती. "दार उघड गो. माजे हात भरलेत."

देवकीनं दार उघडलं.

सूप मागून घेऊन तुळजानं त्यात तांदूळ पसरले, वर गाठोडं ठेवलं, सूप माजघरात भिंतीशी सरकवलं. पाच दिवस हलवू नको म्हणाली. सुइणीची ओटी देवकीनं रीतीनं भरली, नारळ, तांदूळ, खण. म्हातारी जशी आली तशी रिक्षात बसून गेली. काशी मात्र देवकीच्या घराची पायरी न चढता तिथूनच आपल्या घरी गेली.

लडकू चांगला झाला. दुसऱ्या दिवसापासून पोटभर जेवला, देवकीला नावानं हाक मारली, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरला. फियाट घेऊन नाक्यापर्यंत जायचा आणि वीस मिनिटांत परत यायचा. मागचं दार आता बाहेरून उघडत होतं. हितेश म्हणाला, तेल मुरलं.

सहाव्या दिवशी दुपारी देवकी माजघरात गेली. लुगडं सुपातच होतं, पण गाठोडं सुटलेलं, सपाट. तिनं सूप उचललं तर ते हलकं लागलं. तांदळात मधोमध वीतभर खळगा पडला होता.

ती ओटीवर आली. लडकू झोपला होता. रोज हातपाय पसरून अख्खा पलंग अडवणारा माणूस आज अगदी कडेला, एका कुशीवर होता. एक हात वाकवून पुढं टाकलेला. भिंतीकडची सगळी जागा त्यानं मोकळी सोडली होती.

 देवकीनं पंख्याचं बटण दोन घरं मागं फिरवलं, वारा कमी केला आणि आवाज न करता आत गेली.