रिकामी गाठ

दिवा जरा बारीक करा, आणि मधे बोलू नका. ही गोष्ट माझ्या मेहुण्याची. त्याला थाप मारता येतच नाही, मारली तर कान लाल होतात. हे सांगताना त्याचे कान पांढरे होते.

गावाबाहेरच्या मोठ्या उद्यानात तो वाटाड्या होता. जुनं रान, त्यात एक पडकी वस्ती, आणि वस्तीच्या पलीकडे दगडी पायऱ्यांचं तळं. शाळांची मुलं तिथे मुक्कामाला यायची. दिवसा झाडं ओळखायची, पडक्या भिंती मापायची, आणि जेवणं झाली की अंधारातली फेरी. बॅटरी नाही, बोलणं नाही, नुसतं ऐकत चालायचं. कोणी हरवू नये म्हणून एक लांब दोरी. वीस मुलांच्या वीस गाठी, आणि शेवटची, एकविसावी, शाळेच्या बाईंची. मेहुणा "सोडा" म्हणेपर्यंत कोणी हात सोडायचा नाही. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. चंद्र नव्हता. पावणेनऊला निघायचं, तर बाईंचा पाय मुरगळला. मुलांची तोंडं एवढीशी झाली.

"राहू दे हो काका, आज नको," बाई म्हणाल्या.

"माझी नात आहे ना यांच्यात. तिला वाट पाठ आहे. ती शेवटी चालेल," मेहुणा म्हणाला.

नात नऊ वर्षांची. दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हणते कशी, "बाई बेडकालासुद्धा भितात, आजोबा. मी नाही भीत." सगळी फिदीफिदी हसली, बाईही हसल्या.

आता तिथे एक नेम होता. जुन्या वाटाड्याने त्याला बजावून ठेवलेला. रिकामी गाठ घेऊन अंधारात शिरायचं नाही. धरायला माणूस नसेल तर ती सोडवून टाकायची. का, ते म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं. नात विसाव्या गाठीवर, म्हणजे बाईंची एकविसावी रिकामी. मेहुण्याने ती नखं लावून पाहिली. गाठ घट्ट बसलेली, मुलं ताटकळलेली. म्हणाला, एक दिवस राहिली तर राहिली.

तिथेच चुकलं.

वस्तीपर्यंत सगळं ठीक. घुबड बोललं, कोणीतरी हसू दाबलं. तळ्याच्या काठाशी आले, आणि दोरीला हिसका बसला. एक. तो थांबला. मग दोन. तो चालू लागला. पुन्हा एक...

"चेष्टा पुरे हं, बाळा."

"मी नाही ओढत, आजोबा." आवाज बारीक झालेला. "मागचा ओढतोय."

"तुझ्यामागे कोणी नाही."

"आहे... त्याने गाठ धरलीये. माझी वेणी पण..."

त्याने खिशातली बॅटरी लावली. वीस मुलं, ओळीत. शेवटी नात. तिच्यामागे दोरी लोंबत नव्हती. ताठ होती. मुलाच्या हाताच्या उंचीवर.

धरणारं कोणी नव्हतं.

दोरी पायऱ्यांकडे सरकू लागली. नात एक पायरी घसरली. हात सोडेना. आजोबांनीच शिकवलेलं, सोडायचा नाही. दुसरी पायरी. मेहुण्याने आपलं टोक मागे खेचलं. दोरी थांबेना. तिसरी...

"सोडा!" तो ओरडला.

वीस मुठी उघडल्या. दोरी सरसरत खाली गेली. पाण्याचा आवाज आला नाही.

त्याने नातीला कडेवर घेतलं. बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरले. ते धरूनच सगळी परत आली. व्हरांड्यातल्या दिव्याखाली त्याने मुलं मोजली. वीस. नातीची एक वेणी सुटली होती. रिबीन पडली असेल कुठे, बाई म्हणाल्या.

सकाळी दोरी शोधायला निघण्याआधी त्याने सामानाची खोली उघडली. किल्ली रात्रभर त्याच्याच कमरेला होती. दोरी खुंटीवर होती. नीट गुंडाळलेली. खाली थेंब थेंब गळत होती.

त्याने गाठी मोजल्या. एकवीस... आणि त्यापुढे, हातभर अंतर सोडून, आणखी एक. नवी. लहान बोटांनी मारलेली.

तिच्यात लाल रिबीन होती.