फोटोतला सपाट डोंगर

"काकांच्या फोटोत तर हे मैदान दिसतंय," ओवी म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली.

घोटीजवळच्या त्या डोंगराची मागची बाजू तिच्या पायांपुढून सरळ खाली गेली होती. शिबिराची सहल आखणाऱ्या विश्वेशकाकांनी त्या बाजूचा फोटो पायथ्यावरून काढला होता आणि त्यावरूनच ठरवलं होतं, की उद्या शिबिरातली चाळीस मुलं या जवळच्या वाटेने उतरवायची. त्या मुलांमध्ये ओवीच्या चुलतभावाची, शौनकची, सात वर्षांची बहीण वेदिकाही होती.

शेळ्या चारणाऱ्या सिंधुबाईंनी ओवी आणि शौनकला कालच सांगितलं होतं, "तिकडनं माझ्या शेळ्याबी उतरत नाय." काकांच्या कानावर ते घातलं, तेव्हा त्यांनी दोघांना भागूबाई ठरवलं. म्हणून आज सिंधुबाईंबरोबर दोघं वर आली होती.

शौनकने वाकून पाहिलं. वाळलेलं गवत पायाखाली सरकलं आणि तो बसल्या बसल्या घसरत गेला. कारवीचं एक झुडूप हाताला लागलं, म्हणून थांबला. सुटलेला दगड मात्र उड्या मारत गेला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

"ओवी," तो हळूच म्हणाला, "माझे पाय टेकत नाहीयेत."

सिंधुबाई पोटावर आडव्या झाल्या. त्यांनी काठी खाली सोडली. "खाली नको बघू, बाळा. माझ्याकडं बघ. धर."

ओवीने त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. शौनक वर आला तेव्हा त्याचे तळहात सोलले होते. तो म्हणाला, "त्या कारवीपर्यंत वेदिकाचा हात पोचला नसता."

ओवीने वरून फोटो काढला. स्क्रीनवर पुन्हा तेच मैदान! तिला आता जास्तच भीती वाटली. काका खोटं बोलत नव्हते. समोरून असो की वरून, फोटोत उतार झोपूनच जात होता.

मग ती दोघांना घेऊन वळसा घालून डोंगराच्या शेजारच्या सोंडेवर गेली. तिथून उतार कडेने दिसत होता. पण काका म्हणणार, फोन तिरका धरलास. तिने बुटाची नाडी काढली, तिला पाण्याची बाटली बांधली, सिंधुबाईंना ती काठीला लटकवून धरायला सांगितली आणि नाडीसकट फोटो काढला.

संध्याकाळी काकांनी फोटो पाहिला. "फोन तिरका ध..." म्हणता म्हणता ते थांबले. नाडी अगदी सरळ लोंबत होती आणि डोंगर जवळजवळ तिला चिकटूनच उतरत होता. त्यांनी शौनकचे हात उलटे करून पाहिले. नंतर शिबिराच्या बाईंना फोन लावून सांगितलं, की चढू त्याच वाटेने उतरायचं.

"मी पायथ्याशीच उभा राहिलो," ते म्हणाले. "वर जाऊन बघायची अक्कल तुम्हाला होती. शाबास."

दुसऱ्या दिवशी वेदिका कुरकुरत खाली आली. उतरताना काहीच मजा आली नाही म्हणे.

"नाही ना?" शौनक म्हणाला. घर येईपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.