रद्द झालेली जागा

आमची पहिली भेट मुलाखतीत झाली. तो प्रश्न विचारणारा, मी उत्तरं देणारी, आणि मधे लॅपटॉपचा पडदा.

मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करत होते. साथ आली आणि हॉटेलला कुलूप लागलं. बाहेर दुसरं काही मिळालंही असतं, पण आईचं एक फुफ्फुस आधीच निकामी झालेलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, घरातल्यांनी बाहेर कामाला जायचं नाही आणि बाहेरच्यांनी घरात यायचं नाही. घरात आम्ही दोघीच. तेव्हा मला हवं होतं घरी बसून करायचं काम... आणि त्या दिवसांत सगळ्या जगाला नेमकं तेच हवं होतं.

मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून मी उभी होते, कारण नेट तिथंच धड चालायचं. पडद्यावर तो – चष्मा, इस्त्रीचा शर्ट, जरासा थकलेला आवाज. चिडलेल्या ग्राहकाला कसं शांत कराल, असं त्यानं विचारलं. मी सांगायला लागले, आणि मधेच त्याचे डोळे बाजूला सरकले. काहीतरी वाचत होता. वाचून झाल्यावरही तिथंच बघत राहिला.

“मॅडम, ही जागा... आत्ताच रद्द झाली.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “आणि बहुतेक माझीही.”

अशा वेळी समोरच्याला काय म्हणायचं असतं? माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बसा ना थोडं. पाणी घ्या.”

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा असा काही झाला, की मीच नजर खाली घेतली. वर बघितलं तेव्हा पडदा काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. अर्जावरचा नंबर वापरला म्हणून एक माफी, जागा गेली म्हणून दुसरी. मी म्हटलं, साहेब, तिसरी कशाची मागणार आहात तेही सांगून टाका. तर म्हणाला, तिसरी नाही. काल पाणी प्यायलो, तेवढं कळवायचं होतं.

तेव्हापासून तो ‘साहेब’ झाला आणि मी ‘रिसेप्शन’. इतकी वर्षं त्यानं कंपन्यांसाठी माणसं निवडली होती. आता त्याला कुणी निवडत नव्हतं, कारण कुणी कुणालाच निवडत नव्हतं. दुपारी आईचा डोळा लागला की आम्ही दोघं मिळून जाहिराती चाळायचो, अर्ज पाठवायचो. मग तो सरावासाठी माझी खोटी मुलाखत घ्यायचा.

“तुमचा एखादा दोष सांगा.”

“मी पटकन विश्वास ठेवते.”

“कुणावर?”

“हे मुलाखतीत विचारतात?”

“नाही...” तो समोरच्या कागदांत काहीतरी शोधल्यासारखं करत म्हणाला, “हे मी विचारतोय.”

त्यानंच मला शिकवलं, की बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, वरच्या कॅमेऱ्याच्या बारीकशा काचेकडे बघायचं. तरच त्याला वाटतं, की आपण त्याच्या डोळ्यांत बघतोय. म्हणजे मी साहेबांकडे बघतेय हे त्यांना कळायला हवं असेल, तर साहेब मला दिसणार नाहीत. मी बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिले. शेवटी राहवेना, हळूच खाली नजर टाकली – तर तो सरळ माझ्याकडे बघत होता. म्हणजे तोही काचेकडेच.

त्या दिवशी पुढचा प्रश्न कुणालाच आठवला नाही. ‘अहो’चं ‘अरे’ही त्याच आठवड्यात कधीतरी झालं.

खऱ्या मुलाखती मात्र एकेक करून हातच्या गेल्या. एका ठिकाणी कामासाठी वेगळी खोली हवी होती, एका ठिकाणी भिंतीपलीकडच्या नवरा-बायकोचं भांडण थेट मुलाखत घेणाऱ्यापर्यंत पोचलं. एक आईच्या खोकल्यानं गेली. मी हे आईला सांगितलं नाही. पण त्यानंतर माझा फोन वाजला, की ती उशीत तोंड खुपसून पडून राहायची, आणि मला ते बघवायचं नाही.

काम आधी मिळालं ते त्याला. घरूनच करायचं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वतीनं त्यांच्या माणसांना फोन करायचा आणि सांगायचं, की उद्यापासून तुमची गरज नाही. त्यानं मला विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, घे. त्याच्या ताईचा नवरा नुकताच ह्याच आजारानं गेला होता. तिकडे दुसऱ्या गावात ती, दोन लहान मुलं आणि नवऱ्याचं बंद पडलेलं हार्डवेअरचं दुकान. नको म्हणण्याची चैन आम्हाला दोघांनाही परवडणारी नव्हती.

पूर्वी पाऊस आला, की तो फोन खिडकीबाहेर धरून मला त्याच्याकडचा पाऊस ऐकवायचा. आता फोन यायचा, पण त्यात तो नसायचा. एका संध्याकाळी मी खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं – आज एका वयस्कर गृहस्थांना कामावरून कमी केल्याचं कळवलं, तर त्यांनीच ह्याची चौकशी केली. रोज असं सांगावं लागतं तुम्हाला, जेवता ना वेळेवर, म्हणाले.

“हे सांगायचा एक आवाज असतो, रिसेप्शन. मऊ, सावकाश... दिवसभर तोच काढतो. मग तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं, तरी तोच बाहेर येतो.”

“येऊ दे.”

“नको. तुला नको तो.”

फोन कमी होत गेले आणि मग थांबलेच. मी अर्ज पाठवत राहिले. नकारसुद्धा येईनासे झाले, नुसतीच शांतता.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. खिडकीत ये, म्हणाला.

तीन मजले खाली, नुकत्याच सुरू झालेल्या बारीक पावसात, एक टेम्पो उभा होता. त्यात गुंडाळलेली गादी, घडीचं टेबल, दोन बॅगा. त्यानं ते काम सोडलं होतं. तो ताईकडे निघाला होता, दुकान उघडायला. वाटेत थोडा वेळ थांबायला टेम्पोवाला कसाबसा तयार झाला होता. पडद्यावर साहेब छातीपर्यंतच दिसायचे. आज आख्खे दिसत होते. पायात रबरी चपला, मास्कमुळे चष्म्यावर वाफ.

“उंच आहेस रे,” मी फोनवर म्हटलं.

“तू खरंच आहेस,” तो म्हणाला.

टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर. माझ्या आवाजात सांगायचं होतं, म्हणून इतके दिवस... पण त्याचं पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही. तिकडे ताई आहे, मुलं आहेत.”

“इथे आई आहे,” मी म्हटलं. “माझंही आहे. तुझ्यावर.”

“थांब म्हणू?”

“नको म्हणूस. तू न म्हणताही थांबेन... जमेल तितकी.”

त्यानं हात वर केला. हलवला नाही, नुसता वर धरला. मग टेम्पोत बसला.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी मी फोन कानाला लावूनच होते. मागे आई कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“कोण होता गं?”

“माझा,” मी म्हटलं.

“अगं, मग वर नाही का बोलवायचं? पावसात उभा ठेवलास.”

उत्तर होतं माझ्याकडे. मी खिडकी ओढून घेतली आणि उगाच कडीशी खटपट करत राहिले. आई माझ्याकडे बघत होती. बघता बघता तिला ते कळलं. तिचा हात आपोआप छातीशी गेला.

माझा हात बाजूला करून तिनं कडी काढली, खिडकी पुन्हा उघडली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. टेम्पो होता तिथं रस्त्यावर तेवढाच एक कोरडा चौकोन उरला होता. त्यावर एकेक थेंब पडत होता. तो भिजून बाकीच्या रस्त्यासारखा होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.