जुळवणाऱ्याचा हात

“संध्याकाळी मला कामावरून काढणार आहेत. गुन्हा माझ्याच नावावर आहे,” प्रोग्रामर मुलगी उभ्याउभ्याच म्हणाली. खुर्ची दिली तरी बसेना.

सलाईन संपलं की ओरडायचं, एवढं साधं काम असलेला पंप चाचणीत मुका राहिला होता. त्याच्या प्रोग्राममधली ओरडण्याची ओळ हिनेच दुरुस्त केली होती. पण शेवटच्या बदलात जुनी, चुकीची ओळ परत आली होती. आणि त्या बदलाचा लेखक म्हणून नाव हिचंच.

घारूताई खासगी तपास करायची. तिने चपला सरकवल्या आणि दिराला हाक मारली.

“वहिनी, प्रोग्राममधल्या बदलाला ही पॅच म्हणते. पॅच म्हणजे ठिगळच ना?” वाटेत त्याने विचारलं.

“ठिगळच. पण कापलं कोणी आणि शिवलं कोणी, हे दोन वेगळे प्रश्न, भावोजी.”

ऑफिसात फोन थांबत नव्हते. कंपनीची मालकीण येरझाऱ्या घालत होती.

चाचण्या घेणारा टेस्टर नखं खात बोलला, “दोघांचे बदल एकाच ओळीवर आले की संगणक अडतो. विचारतो, कुठली ठेवू? उत्तर दिलं की संपलं, प्रश्नाचा मागमूस उरत नाही.”

“उत्तर कोण देतं?”

“जुळवणारा. तरी नाव लिहिणाऱ्याचंच राहतं. मला तर जुळवायची परवानगीच नाही. ती फक्त हिला आणि आमच्या टीमप्रमुख सरांना.”

“तुला संगणकाने विचारलं होतं का गं?” घारूताई मुलीकडे वळली.

“नाही. मी दोन छोटे पॅच दिले. दोन्ही बिनबोभाट बसले.”

टीमप्रमुखाच्या टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. दोन पॅचचं विचारताच तो म्हणाला, “दोन कुठे? एकच आहे. पोरगी हुशार, पण घाई नडली. संगणकाने विचारलं कुठली ओळ ठेवू, हिने जुनी ठेवली. मी तिच्या कामाला हातही लावलेला नाही.”

“माणूस सज्जन वाटतो,” दीर कुजबुजला. “त्या टेस्टरचं काही खरं नाही. नखं बघा त्याची.”

“नखं खाऊन ओळी बदलत नाहीत, भावोजी.”

तिने सगळ्यांना एका टेबलाशी बोलावलं.

“सर, संगणकाने विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? तो प्रश्न फक्त जुळवणाऱ्याला दिसतो. हिला तो पडला नाही, टेस्टरला परवानगी नाही. उरलात तुम्ही. बदलांचा इतिहास नीटनेटका दिसावा म्हणून हिच्या दोन पॅचचा एक केलात. तेव्हा तुमचाच बदल त्या ओळीवर आडवा आला, आणि तुम्ही घाईत जुनी ओळ ठेवलीत.”

“पुरावा?”

“शिवणाऱ्याचं नावही संगणक ठेवतो. विचारल्याशिवाय सांगत नाही, एवढंच. विचारू?”

“नको.” प्रमुखाचा चेहरा उतरला. “चाचणी फसल्यावर लक्षात आलं. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मी तो बदल पुसून टाकतो, झालाच नाही असा.”

“पुसायचा नाही!” मुलगी रागाने पुढे आली. “राहू दे तसाच. त्याच्यावर चूक फिरवणारा उलटा पॅच चढवा, सर. तुमच्या नावाने. आणि कारणही लिहा.”

मालकिणीने मान हलवली. प्रमुखाने कीबोर्ड ओढला.

“कारण काय लिहू?”

“ते मी सांगायचं?” मुलगी म्हणाली.