उजवा अंगठा

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या मावशीसोबत घडलंय, आणि तिला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

भर दुपार होती. पेन्शन कचेरीची तिसरी खिडकी.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. प्रेसने उजवा हात मनगटापासून नेला. अपंग पेन्शन लागली. वर्षातून एकदा मशीनवर अंगठा टेकवायचा, की माणूस हयात.

पण कचेरीने ठसा उचलला होता कारखान्याच्या जुन्या कार्डावरून.

उजव्या अंगठ्याचा.

हात गेला म्हणून पेन्शन, आणि मागतात त्याच हाताचा अंगठा! डावा चालत नाही, कारकून म्हणाला. वरून मंजुरी लागते. ती तीन वर्षं आली नाही. समोर उभा माणूस हयात धरला गेला नाही. पेन्शन बंद. औषधं बंद.

"एक दिवस देतोच ह्यांना उजवा अंगठा," काका हसत म्हणायचे.

मावशी हसायची नाही.

काका गेले. मावशी मृत्यूचा दाखला घेऊन विधवा पेन्शनसाठी त्याच खिडकीवर गेली. कारकुनाने नाव टाकलं...

आणि पुन्हा एकदा टाकलं.

"ताई, हे तर हयात आहेत. आज सकाळीच नोंद झालीय. उजवा अंगठा."

सकाळभर ती खिडकी बंद होती, आत्ता दुपारीच उघडली होती.

मशीनच्या काचेवर एक ठसा होता... तेलकट. मावशी वाकली. प्रेसच्या तेलाचा वास. अठरा वर्षं तिने तोच वास शर्टातून धुतला होता.

कारकुनाने काच पुसली.

मशीन वाजलं... ठसा पुन्हा उमटला.

कारकून खुर्ची मागे सारून उभा राहिला. हयात माणसाची विधवा कशी दाखवू, म्हणाला.

मावशीने काचेवर हात ठेवला. काच कोमट होती.

"अहो, पोचला तुमचा अंगठा," ती हळूच म्हणाली. "आता राहू द्या. मी बघते माझं."

मशीन शांत झालं. तिचा अर्ज घेतला गेला.

आता दरवर्षी ती स्वतःच्या हयातीचा अंगठा द्यायला जाते. यंदा मी सोबत होतो. तिने अंगठा टेकवला...

मशीन दोनदा वाजलं.

कारकुनाने मान वर न करता एक नोंद पुसली. सवयीने.

मावशीने पदराने काच पुसली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, पदराला तेल लागलंय, घरी गेल्यावर धू.

तिने पदर मुठीत घट्ट धरला.

"नको रे," म्हणाली. "हा वास वर्षभर पुरवायचाय."